जरा दारात नेऊन बघते

साडीच्या दुकानात आईचं बोट धरून गेलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. गादीवर तीस-चाळीस साड्या उलगडून पडलेल्या, घड्या घालून घालून पोऱ्या कंटाळलेला, मालकानं दुसऱ्यांदा चहा सांगितलेला, आणि नेमकी तेव्हाच आई एक साडी उचलते, पदर हातावर घेते आणि म्हणते, "जरा दारात नेऊन बघते." ट्यूबलाइटखाली वांगी वाटलेली साडी उंबऱ्यावरच्या उन्हात आमसुली निघते. आई परत येऊन ती न बोलता बाजूला ठेवते. मालकही बोलत नाही. आपल्या दिव्यांपेक्षा बाईचा दारातल्या उजेडावर जास्त भरवसा आहे, हे त्याला माहीत असतं आणि त्याला त्याचा रागही येत नाही.

ज्या दुकानाला असं दारच नाही, त्या दुकानाविषयी हे पुस्तक आहे.

इंग्रजीत व्हर्च्युअल शोरूम म्हणतात. मराठीत कुणी कुणी 'आभासी दालन' असं लिहितात. मला तो शब्द रुचत नाही, कारण त्यात 'आभास' आहे, म्हणजे असल्यासारखं वाटणं पण नसणं. दुकानदारानं स्वतःच्याच पाटीवर तसं का लिहावं? ज्यांच्याबरोबर मी काम करतो ते व्यापारी सरळ 'ऑनलाइन दाखवणं' म्हणतात. "आज तीन गिऱ्हाइकांना ऑनलाइन दाखवलं, एक पटलं." पुस्तकात मी शोरूम हा शब्द ठेवला आहे, पण मनात 'दाखवणं' आहे. दुकानदारीतलं अर्धं कसब पूर्वीपासून दाखवण्यातच होतं. कुठली साडी आधी काढायची, कुठली शेवटी, महागडी घडी कधी मोडायची, हे शिकायला पोऱ्याची दहा वर्षं जात.

मी धंद्यानं फोटोग्राफर. लग्नाबिग्नाचा नव्हे, मालाचा. कुकर, कोल्हापुरी चपला, पितळी समया, सोफे, बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट यांचे फोटो काढून माझं घर चाललं आहे. मार्च 2020 मध्ये दुकानांची शटर्स खाली आली आणि मे महिन्यापासून माझा फोन थांबेना. सगळ्यांना एकच हवं होतं: दुकान फोनमध्ये आणून द्या. येवल्याच्या एका पैठणीवाल्यांनी बोलावलं, तेव्हा परवानगीचा कागद गाडीच्या काचेला चिकटवून मी गेलो. दोन दिवसांत साठ साड्या टिपल्या. दुकानातले सगळे दिवे लावले, वरून माझे दोन लावले, घरी येऊन संगणकावर रंग थोडे चढवले. 'थोडे' हा आमच्या धंद्यातला फार लवचिक शब्द आहे. फोटो इतके झकास आले की मालकांनी त्यातला एक दुकानात फ्रेम करून लावला.

पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे नऊ साड्या परत आल्या. प्रत्येकीसोबत तोच निरोप, रंग वेगळा आला.

खोट माझी होती, आणि ती समजायला मला साडीचं विणकाम समजून घ्यावं लागलं. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा. कापड हलवलं की कधी हा रंग वर येतो, कधी तो. नेसलेली बाई चालताना साडी जी झळाळते ती त्याच्यामुळे. फोटो मात्र एका क्षणाचा, एका कोनाचा. दोन रंगांच्या साडीला मी एकाच रंगाची करून पाठवत होतो. मोरपंखीचं दुखणं आणखी वेगळं. गडद, भरलेल्या मोरपंखी छटांतल्या कितीतरी नेहमीच्या पडद्याच्या रंगमर्यादेत बसतच नाहीत. कॅमेरा जवळचा रंग शोधून देतो आणि आपण तोच खरा मानतो. त्यावर मी चढवलेला 'थोडा' रंग. गिऱ्हाईक चिडलं नसतं तरच नवल.

पुढची गोष्ट मी नव्हे, त्या दुकानानंच शोधली. फोटो पाठवणं कमी करून त्यांनी व्हिडिओ कॉल सुरू केले. त्यातला एक मी शेजारी बसून पाहिला आणि या पुस्तकाचं बी तिथे पडलं. पावसाळ्याचे दिवस, सकाळचे साडेसात. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या रात्रीचे दहा. पडद्यावर तीन चौकोन: एकात तिकडची मुलगी, दुसऱ्यात नाशिकला तिची आई, तिसऱ्यात दुकानातली गादी. साखरपुड्यासाठी मोतिया रंगाची साडी हवी होती. मालकांनी मोतिया काढली. मुलगी म्हणाली, "काका, ही हळदी दिसतेय." आई म्हणाली, "अगं मोतियाच आहे." मालक म्हणाले, "ताई, मोतियाच आहे हो." पाच मिनिटं हाच वाद. मग माझ्या लक्षात आलं की तिकडे रात्र आहे, आणि रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून फोन आपोआप पडदा पिवळा करतो. मालकांना ते तंत्र ठाऊक नव्हतं, पण त्यांनी जे केलं ते माझ्या डोक्यातही आलं नसतं. चहाबरोबर आलेला पार्ले-जीचा पुडा त्यांनी साडीवर ठेवला. "ताई, तुमच्या घरात हा असेलच." होता. तिनं स्वयंपाकघरातून आपला पुडा आणून फोनशेजारी धरला आणि हसली. तिच्या हातातला पुडा आणि पडद्यावरचा पुडा यांच्या रंगात जेवढा फरक, तेवढाच फरक साडीत धरायचा.

तज्ज्ञ लोक यासाठी करड्या रंगाचं ठरावीक कार्ड वापरतात. मीही वापरतो, चौथ्या प्रकरणात ते कसं वापरायचं ते दिलं आहे. पण करडं कार्ड गिऱ्हाइकाच्या घरात नसतं.

त्याच कॉलमध्ये नाशिकच्या आईनं विचारलं, "काठ उलटा करून दाखवता का?" हा प्रश्न अस्सल. हातमागावरच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हातानं फिरवत विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेला उलट बाजूनं सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा शिक्का असतो, रेशमाचा शिक्का वेगळा असतो, पण नाशिकच्या आईला शिक्क्यापेक्षा उलटी बाजू हवी होती. मालकांनी फोन पदराच्या मागच्या मोरावर धरला आणि बोटानं हळूहळू सरकवत नेला. मी दोन दिवसांत काढलेल्या साठ फोटोंत उलट्या बाजूचा एकही नव्हता. मला सुंदर बाजू टिपायची सवय. आणि शेवटी आई ते वाक्य बोललीच. पोऱ्या साडी खांद्यावर टाकून, फोन हातात घेऊन दारात गेला. ढगाळ उजेड होता. फोटोग्राफरला त्याच्यासारखा प्रामाणिक उजेड नाही, सावल्या नाहीत, झगमग नाही. साडी विकली गेली आणि परत आली नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून बसलो आहे. दुकानात गिऱ्हाइकाचा हात जे शोधून काढतो, ते ऑनलाइन शोरूमला न विचारता दाखवावं लागतं. वजन, उलटी बाजू, शिवण, माप, दारातला रंग. वस्तू देखणी दाखवणं त्याच्या नंतर येतं. पुस्तकातली सगळी तंत्रं मी या एका काट्यावर तोलली आहेत, आणि त्यामुळे काही बड्या तंत्रांना कमी पानं मिळाली आहेत, याची तंत्रज्ञ मित्रांनी नोंद घ्यावी.

न पाहता माल घेण्याचा आपला सराव तसा जुना आहे. मासिकातली जाहिरात वाचून व्ही. पी. पी.नं घड्याळ किंवा औषध मागवायचं, पोस्टमन आला की पैसे मोजायचे आणि मग पुडकं फोडायचं. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीची ती आजीच. त्यातही भीती तीच होती, की पैसे दिल्याशिवाय पुडकं फोडता येत नाही. जाहिरातीतल्या चित्रात घड्याळ ताटाएवढं दिसायचं.

इंटरनेटवर 'फिरवून दाखवण्याचा' पहिला मोठा गाजावाजा लंडनच्या बू डॉट कॉमनं केला. कपडे आणि खेळाचे बूट विकायला ती साइट नोव्हेंबर 1999 मध्ये सुरू झाली. वस्तू सगळ्या बाजूंनी फिरवून बघा, जवळ आणून बघा, पुतळ्याला कपडे चढवून बघा, शिवाय 'मिस बू' नावाची एक ॲनिमेटेड विक्रेती सल्ला द्यायला. कल्पना आजच्या कुठल्याही सादरीकरणात शोभेल अशी. पण त्या काळी बहुतेक घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून, कर्कश आवाज करत यायचं. बूट फिरेपर्यंत माणूस उठून खऱ्या दुकानात जाऊन आला असता. मे 2000 मध्ये, सुमारे 13 कोटी 50 लाख डॉलर संपवून, ती कंपनी बुडाली. पैशाची उधळपट्टी हेही कारण होतंच. तरी मी ही गोष्ट प्रत्येक व्यापाऱ्याला सांगतो, कारण तिची धाकटी भावंडं आजही भेटतात: ज्या गावात चार वाजता नेटवर्क जातं, तिथल्या गिऱ्हाइकासाठी बनवलेलं जडशीळ त्रिमिती दुकान.

याउलट 2012 मध्ये लंडनलाच, पिकॅडिलीजवळ, ऑडीनं मोटारींचं एक लहानसं दालन उघडलं. एवढ्याशा महागड्या जागेत सगळी मॉडेलं उभी करणं शक्यच नव्हतं, म्हणून भिंतभर पडद्यांवर मोटार खऱ्या मापात दाखवायची, रंग, चाकं, आतलं कातडं गिऱ्हाइकानं हवं तसं बदलून बघायचं. इथे मला तर्क पटतो. मोटारीचे पर्याय शेकड्यांनी असतात, ते सगळे बनवून ठेवणं अशक्य, आणि एकदा बनवलेलं चित्र हजारो गिऱ्हाइकांना पुरतं.

हा हिशेब नीट समजला की अर्धा खर्च वाचतो. वस्तूचं त्रिमिती मॉडेल बनवायला वेळ आणि पैसा लागतो. सोफा, चष्म्याची फ्रेम, मिक्सर या वस्तू एकाच साच्यातून हजारो निघतात, तिथे तो खर्च वसूल होतो. म्हणून चष्मेवाल्यांनी चेहऱ्यावर फ्रेम चढवून दाखवण्याचं तंत्र लवकर उचललं. म्हणून आयकिआनं 2017 मध्ये फोनच्या कॅमेऱ्यातून आपल्याच खोलीत खुर्ची ठेवून दाखवणारं ॲप काढलं. पण हातमागावरची पैठणी एकच असते. ती विकली गेली की तिचं मॉडेल कचऱ्यात. तिच्यासाठी व्हिडिओ कॉल हीच योग्य शोरूम, आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर 2019 पासून मिळणारी कॅटलॉगची सोय हे तिचं दर्शनी कपाट. 'साधं आहे' म्हणून त्याला नाक मुरडू नये.

मॉडेल बनवण्याचा माझा पहिला प्रयोग एका समईवर झाला. पद्धत सांगायला सोपी आहे: वस्तूभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराच भाग आला पाहिजे. संगणक वेगवेगळ्या फोटोंत तेच तेच बिंदू शोधतो आणि त्यांच्या सरकण्यावरून खोलीचा अंदाज बांधतो. मोराची, पाच वातींची, लख्ख घासलेली पितळी समई मी टेबलावर ठेवली. रात्रभर संगणक घुमला. सकाळी पडद्यावर उन्हात वितळलेल्या मेणबत्तीसारखं काहीतरी उभं होतं, मोराच्या जागी गळू. कारण पितळेवरची चमक ही समईची नसते, ती खिडकीची असते. मी सरकलो की चमकही सरकते आणि संगणक त्या चमकेलाच समईचा भाग समजतो. काचेचं आणि चांदीचं हेच. उपाय म्हणून मालकिणीच्या देखत समईवर टाल्कम पावडर उडवली. आकार सुरेख आला, मोराच्या तुऱ्यासकट. रंग मात्र मलाच मागाहून हातानं भरावा लागला. "एवढी घासली होती मी," एवढंच त्या म्हणाल्या.

फर्निचरचं प्रकरण लिहिताना मी स्वतःलाच जास्त समजावत होतो. फोनमधून हॉलमध्ये सोफा ठेवून बघता येतो, तो खऱ्या मापाचा दिसतो, भिंतीशी जुळतो का ते कळतं. हे सगळं खरं. पण सोफा हॉलमध्ये आकाशातून उतरत नाही. पुण्यातल्या एका तीस वर्षं जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर सात फुटी सोफा चढवायचा होता. ॲपमध्ये तो दिमाखात बसला होता. लिफ्टमध्ये बसला नाही, आणि जिन्याच्या वळणावर दोन हमाल, एक सोफा आणि खाली उतरणारे एक आजोबा अर्धा तास अडकले. म्हणून मी फर्निचरवाल्यांना सांगतो, सोफ्याच्या चित्राखाली लिफ्टचं दार, घराचं दार आणि जिन्याचं वळण मोजायला सांगणारी एक ओळ टाका. ती ओळ टाकायला एक पैसा लागत नाही.

घरांच्या बाबतीत तर आपण मराठी लोक आभासी शोरूमला केव्हाच सरावलो आहोत. सॅम्पल फ्लॅट दुसरं काय असतो? इमारत कागदावर, आणि प्लॉटच्या कोपऱ्यात एक सजवलेलं घर. बेड मुद्दाम आखूड करून घेतल्याचं मी त्या कामात स्वतः पाहिलं आहे, खोली मोठी वाटावी म्हणून. आतल्या दारांच्या फक्त चौकटी असतात, दार उघडलं की कुठे आपटेल हे कळूच नये. आता तेच घर गोल फिरून टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं फोनवर दाखवतात, बोटानं पुढे ढकलत खोल्याखोल्यांतून हिंडायचं. दुबईतून किंवा बंगळूरहून पुण्यात घर बघणाऱ्याची यानं मोठी सोय झाली, हे मान्य. पण त्या रुंद लेन्समध्ये दहा बाय दहाची खोली वाड्याची ओसरी वाटते. गंमत अशी की कायद्यानं सॅम्पल फ्लॅटला नुसती सजावट मानलेलं नाही. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना घर पाहून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरनं द्यायची. नमुना दाखवला की शब्द दिला, असा त्याचा अर्थ मी घेतो. इतर मालासाठी 2020 च्या जुलैत ई-कॉमर्सचे नियम आले, त्यांचंही म्हणणं याच दिशेचं: जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. नवव्या प्रकरणात हे नियम व्यापाऱ्याच्या भाषेत दिले आहेत. ते कंटाळवाणं आहे, तरी वाचा.

डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यांतून हिंडण्याच्या दुकानांना मी दीड पान दिलं आहे. माझ्या एकाही गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाकडे तो चष्मा नाही.

रंगांच्या नावांवर मात्र एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते लिहिताना सगळ्यात जास्त मजा आली. ऑनलाइन विकताना बहुतेक जण साइटच्या यादीतला इंग्रजी रंग निवडतात. मग वांगी, जांभळा, आमसुली, गुलबक्षी हे सगळे 'पर्पल' किंवा 'पिंक' होतात आणि परत येणाऱ्या पार्सलांची सुरुवात तिथूनच होते. अबोली म्हटलं की बाईला फूल दिसतं, शेवाळी म्हटलं की विहिरीची पायरी. हे शब्द कुठल्याही पडद्यावर पिवळे पडत नाहीत. चिंतामणी रंग नेमका कुठला, यावर मात्र मी अकरा बायकांना विचारलं आणि मला सात उत्तरं मिळाली. ती सातही तिथे छापली आहेत.

एवढं लिहून झाल्यावर प्रकाशकांनी विचारलं, मग रंगांच्या प्रकरणात रंगीत पानं घालायची ना? छपाईचे नमुने आले. राणी रंग विटलेला, मोरपंखी सरळ निळा. छपाईच्या चार शाईंनाही तो रंग गाठता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. प्रत्येक प्रतीत रेशमाच्या धाग्याचा तुकडा चिकटवायचं मी सुचवलं, त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि विषय तिथेच संपला. म्हणून या पुस्तकातल्या साड्यांचे सगळे फोटो कृष्णधवल आहेत, आणि प्रत्येकाखाली त्या साडीच्या उलट्या बाजूचा फोटो आहे.